यादी लागली का?

माझ्या दुकानाचं शटर गुडघ्याएवढं वर गेलं की खालून आधी एक काळी छत्री आत येते. मग निळी, जाड प्लास्टिकची पिशवी. मग काका. बासष्टाव्या वर्षी माणसाने इतकं वाकू नये असं मी त्यांना रोज सांगतो. ते एका हाताने कंबर आणि दुसऱ्या हाताने माझं काउंटर धरून सरळ होतात आणि विचारतात, "लागली का?"

कॉम्प्युटर अजून बंद असतो. माझ्या हातातली उदबत्तीसुद्धा पेटलेली नसते.

"काका, रात्री दहाला फोनवर सांगितलं ना तुम्हाला?"

"ते रात्रीचं झालं."

ही जी लागायची आहे ती एलएलबीच्या प्रवेशाची यादी. तीन वर्षांचा कोर्स, पदवीनंतरचा. काकांचा अर्ज मी भरलाय, त्यामुळे त्यांच्या लेखी यादी लावणं हेही माझंच काम.

कर्जतला कचेरीच्या रस्त्यावर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. पाटीवर 'लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, सर्व प्रकारचे फॉर्म भरून मिळतील' असं लिहिलंय. 'सोबत वाट बघून मिळेल' असं कुठेही लिहिलेलं नाही, पण जून ते ऑक्टोबर माझा मुख्य धंदा तोच. दर वर्षी असे पाच-सहाजण असतातच. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणारी अंगणवाडीची मदतनीस. लेक बारावीला गेली म्हणून ईर्ष्येने स्वतःही बारावी करायला निघालेला टेम्पोवाला. टोलनाक्यावर रात्रपाळी करून नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बीए करणारा खालापूरचा पोरगा. त्याला अभ्यासिकेपेक्षा एक्स्प्रेसवेच्या बूथमध्ये जास्त वाचन होतं, कारण तिथे झोपता येत नाही.

अठरा वर्षांच्या मुलांना यादीची काळजी नसते. ती मोबाइलमध्ये मान घालून उभी असतात आणि काळजी त्यांची आई करते. चाळिशी उलटलेल्या विद्यार्थ्याची पंचाईत अशी, की त्याची आई एक तर वारलेली असते, नाहीतर तिला ऐकू येत नसतं. मग विद्यार्थीही तोच आणि विद्यार्थ्याची आईही तोच. आमचे काका या दोन्ही भूमिका एकाच वेळी करतात. "अभ्यास झाला होता रे चांगला," असं एका दमात म्हणतात आणि दुसऱ्या दमात "पण लक्ष नसतं," असं स्वतःविषयीच सांगतात.

काका कर्जत-खोपोली रेल्वेच्या फाट्यावरचे. कर्जत, पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, खोपोली. यातल्या केळवलीला उतरून वीस मिनिटं चाललं की त्यांचं घर. चौतीस वर्षं खोपोलीच्या एका कारखान्यात पाळ्या केल्या. आता खोपोलीत फॉर्म भरणारी दुकानं काय कमी आहेत? पण तिथे सगळे ओळखीचे. "म्हातारा आता वकील व्हायला निघाला" हे ऐकायला लागू नये म्हणून ते गाडीत बसून उलट दिशेने कर्जतला आले. माझ्या दुकानात पहिल्यांदा शिरले तेव्हा आवाज इतका खाली होता, की मला वाटलं मृत्यूचा दाखला हवाय.

वाट बघणं या माणसाला नवं नाही. आमच्या फाट्यावर एक गाडी चुकली की दुसरी येईपर्यंत माणूस फलाटावर जेवून, झोपून, भांडून परत शहाणा होतो. कर्जत तर गावच थांबणाऱ्यांवर पोसलेलं. बोरघाटातली चढण सदतीस फुटांना एक फूट अशी. १८६३ साली हा घाट गाड्यांना खुला झाला, पण चढण काही कमी झाली नाही. पुण्याकडे जाणारी गाडी अजूनही कर्जतला थांबते, मागे ढकलणारी इंजिनं लागतात, मग ती वर चढते. दिवाडकरांचा वडा देशभर झाला तो वड्याच्या चवीने हे खरंच, पण गाडी इथे थांबते म्हणूनही. हे सगळं बघत मोठा झालेला माणूस यादीसाठी चार दिवस थांबू शकत नाही, हे मला आधी पटेचना.

त्यात काकांची जमिनीची केस. खालापूर तालुक्यात, इर्शाळगड समोर दिसतो अशा जागी, चौदा गुंठे भातशेती. आजोबा कूळ होते. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ ला कसणारा मालक ठरला, म्हणजे आजोबा मालक ठरले. पण चुलत चुलत्याच्या बाजूचं म्हणणं असं की कसत होते ते आमचे आजोबा. दोघांचेही आजोबा आता विचारायला नाहीत. दिवाणी कोर्टाने सांगितलं, कूळ कोण हे आम्हाला ठरवता येत नाही. कलम ८५-अ खाली मुद्दा तहसीलदाराकडे गेला. तिथून प्रांताकडे, तिथून आणखी वर, वरून खाली. एकोणीस वर्षं झाली. काका प्रत्येक तारखेला डबा घेऊन जातात, बाकावर बसतात, पुकारा झाला की उठतात, पुढची तारीख घेतात आणि संध्याकाळच्या गाडीने घरी. कपाळाला आठी नाही.

या बाकावरच त्यांना कायद्याचा नाद लागला. "आपला वकील बोलतो ते मला कळत नाय," ते मला म्हणाले, "आणि मला जे कळतं ते तो बोलत नाय. मग म्हटलं, मधला माणूस काढूनच टाकू."

"पण काका, एकोणीस वर्षं तुम्ही शांत बसलात. मग या यादीने का जीव जातो तुमचा?"

काकांनी थोडा विचार केला. "तिथं हरलो तर वकिलाला शिव्या घालता येतात. इथं कोणाला घालू?"

मला वाटतं, तेव्हापासून त्यांनी मला मनातल्या मनात निवडून ठेवलं असावं.

अर्ज भरणं ही वेगळीच कथा. काकांची जन्मतारीख १ जून. त्यांच्या वयाच्या निम्म्या तालुक्याची तीच आहे; गुरुजींनी शाळेत नाव घालताना सगळ्यांना एकाच दिवशी जन्माला घातलं. आधारवर नाव एक, बीएच्या गुणपत्रिकेवर दुसरं, कारण मध्ये कोणीतरी 'राव' लावला आणि कोणीतरी काढला. सही तर त्यांची कारखान्याच्या मस्टरवर घडलेली. ती चौकटीत मावेचना. चार वेळा स्कॅन केली, चारही वेळा शेवटची शेपटी बाहेर. ओटीपी आला की काका चष्मा कपाळावर चढवून, मोबाइल हातभर लांब धरून वाचायचे: "दोन लाख एकोणचाळीस हजार चारशे बारा." मी तो लाखातून काढून आकड्यात आणेपर्यंत त्याची मुदत संपलेली. एकच गोष्ट त्यांना घडाघडा येत होती, मुक्त विद्यापीठाचा सोळा आकडी पीआरएन. बीए त्यांनी तिथून केलं, पंचेचाळिशीनंतर, रात्रपाळी सांभाळून. तो नंबर ते शुभंकरोतीच्या चालीत म्हणतात.

आणि इथेच घोडं अडलं. बार कौन्सिलचा नियम असा, की मधल्या पायऱ्या न चढता, म्हणजे बारावी न करता, थेट मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली असेल तर एलएलबीला प्रवेश नाही. शिक्षण सुटलेल्या माणसाला मुक्त विद्यापीठ पूर्वतयारीची परीक्षा घेऊन पदवीपर्यंत आणतं, आणि पुढच्या दारावर हा दरवान उभा असतो. माझ्या दुकानातून दोघेजण या दारावरून परत गेलेत. काकांचं तसं नव्हतं. ते १९८१ साली बारावी झालेले, वाणिज्य शाखा, रीतसर. फक्त गुणपत्रिका दाखवायची होती.

गुणपत्रिका सापडेना. पत्र्याची पेटी झाली, देवघरामागची फळी झाली, भाताची कणगी उपसून झाली. काकींनी तर जावयाला फोन करून विचारलं, लग्नात चुकून रुखवतात गेली का. शेवटी चौथ्या दिवशी काका दुकानात आले ते चेहरा पांढरा घेऊन. गुणपत्रिका सापडली होती. कोर्टात होती. एकोणीस वर्षांपूर्वी वकिलाने "वयाचा काहीतरी मूळ पुरावा द्या" म्हटलं आणि काकांनी ती दिली. ती तेव्हापासून दाव्याच्या कागदांत निशाणी पडून बसलेली.

वकील म्हणाला, "मूळ कशाला दिलंत?"

काका म्हणाले, "तुम्हीच मागितलं."

वकील म्हणाला, "मी मागितलं म्हणून द्यायचं?"

त्या रात्री काकांनी दिवाणी प्रक्रिया संहिता काढली आणि ऑर्डर १३, रूल ९ शोधून काढला: दाखल केलेला दस्तऐवज परत मिळण्याविषयी. मूळ कागद परत घ्यायचा, त्याची प्रमाणित नक्कल तिथे ठेवायची, आणि लागला तर परत हजर करतो असं लिहून द्यायचं. अर्ज त्यांनी स्वतः सांगितला, मी टाइप केला. 'मे. कोर्टास नम्र विनंती की' इथपासून 'येणेप्रमाणे अर्ज असे' इथपर्यंत एका दमात. वकिलाला फक्त सही करायला लावली. तीन आठवड्यांत कागद हातात आला. गेल्या एकोणीस वर्षांत त्या दाव्यात काकांच्या बाजूने झालेला हा पहिला हुकूम.

वयाची भीती वेगळी. त्यांच्या निळ्या पिशवीत एक कागद कायम वर असतो. बार कौन्सिलने २०१६ मध्ये तीन वर्षांच्या एलएलबीला तीस वर्षांची मर्यादा पुन्हा लावली होती आणि मार्च २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने तिला स्थगिती दिली. त्या बातमीची प्रत. "कोणी अडवलं तर असावी," म्हणतात. एसटीच्या कंडक्टरने ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड मागितलं तेव्हा पिशवीतून आधी हाच कागद बाहेर आला. त्याच्याखाली दुसरं कात्रण: पाटण्याच्या राजकुमार वैश्य यांनी २०१७ मध्ये नालंदा मुक्त विद्यापीठातून अर्थशास्त्राचं एमए केलं, वयाची सत्त्याण्णव वर्षं पुरी झाल्यावर. मी म्हटलं, "म्हणजे काका, तुमच्याकडे अजून पस्तीस वर्षं आहेत." हा विनोद होता. काकांनी मान डोलावली, जणू मी फीचा हप्ता सांगितला.

एलएलबीला सीईटी आली २०१६ पासून. त्याआधी पदवीची मार्कशीट घेऊन थेट कॉलेजात जायचं. काका मे महिन्यात नवी मुंबईत परीक्षेला गेले. गेटवर पाचशे पोरं आणि तितकेच आईबाप. रखवालदाराने पालकांना सावलीत उभं राहायला सांगितलं, काका जाऊन सावलीत उभे राहिले. तिथे बदलापूरचे एक गृहस्थ भेटले, त्यांची मुलगी बसली होती. दोघांच्या गप्पा रंगल्या: मुलांचा अभ्यास होतो का, रात्री किती जागतात, मोबाइल किती बघतात. काका म्हणाले, "आमच्याकडचा तर दुपारी जेवला की झोपतो." गृहस्थांनी सहानुभूती दाखवली. गेट बंद व्हायला चार मिनिटं उरली तेव्हा काकांना आठवलं, की आमच्याकडचा म्हणजे आपणच.

निकाल लागला. अठ्ठावन्न पर्सेंटाइल. काकांनी स्टेशनवरून माझ्यासाठी पेढे आणले. मी कर्तव्य म्हणून समजावलं, की हे अठ्ठावन्न टक्के नव्हेत. बेचाळीस टक्के मुलं तुमच्या पुढे आहेत. काका पेढ्याचा कागद सोडत म्हणाले, "म्हणजे अठ्ठावन्न टक्के मागे आहेत ना? बासष्ट वर्षांच्या माणसाच्या?" मी पेढा खाल्ला.

मग सुरू झाली वाट. आधी नोंदणी, मग कागदपत्रांची तपासणी, मग तात्पुरती गुणवत्ता यादी, मग तिच्यावर हरकती, मग अंतिम गुणवत्ता यादी, मग कॉलेजांचे पसंतिक्रम, मग पहिली फेरी. काकांचं कॅलेंडर शेतीचं. राब भाजून झाला तेव्हा परीक्षा दिलेली. पेरणीला निकाल. लावणीच्या चिखलात तात्पुरती यादी. त्या दिवशी ते ढोपरापर्यंत चिखल घेऊन दुकानात आले, माझ्या फरशीवर केळवलीचं शेत उमटलं. भात पोटरीला आलं, यादी नाही. भात निसवलं, यादी नाही. आमच्या कर्जतच्या भात संशोधन केंद्राने कर्जत-३ सारख्या हळव्या जाती काढल्यात, लवकर तयार होणाऱ्या. काकांचं म्हणणं, अशी एखादी हळवी यादी काढायला काय हरकत आहे.

रोज नुसतं विचारायला यायचा त्यांना संकोच वाटे. म्हणून ते काहीतरी निमित्त काढत. "एक झेरॉक्स दे आधारची." दोन रुपये काउंटरवर ठेवायचे, मशीनकडे बघायचं, आणि मग सहज सुचल्यासारखं, "हां, ते बघितलंस का?" दिवसातून दोनदा. ऑगस्टअखेर त्यांच्याकडे स्वतःच्या आधार कार्डाच्या नव्वदएक प्रती झाल्या. काकी त्यांचे कागद डब्याच्या तळाशी घालू लागल्या. एकदा मी डब्यातली भाकरी घेतली तर खालून काका माझ्याकडे बघत होते.

आणखी एक खोड सांगतो. यादी स्क्रीनवर आली तरी काकांना ती भिंतीवर लागल्यासारखीच वाचायला लागते. त्यांच्या काळी यादी खळ लावून फळ्यावर चिकटवत आणि पोरं बोट फिरवत खाली जात. काका माझ्या मॉनिटरवर उजव्या हाताची तर्जनी ठेवतात आणि ओळीवरून ओळ खाली ओढतात. मी माउसने पान सरकवलं की चिडतात, "थांब, माझं बोट कुठं होतं?" वडा खाऊन आलेले असले तर वरपासून खालपर्यंत एक तेलकट रेघ. मी ती चष्म्याच्या फडक्याने पुसतो, ती दुसऱ्या दिवशी परत उमटते. मागून येणारं गिऱ्हाईक विचारतं, स्क्रीन गेली का?

बातमी फुटायची ती फुटलीच. केळवलीला कळलं, खोपोलीला कळलं, आणि लोकांनी यादीची वाट न बघता काकांना 'वकीलसाहेब' करून टाकलं. आमच्याकडे घराघरात सातबारा आणि त्यावर काहीतरी भांडण. मुंबईवाले सेकंड होमसाठी गुंठ्याला भाव देऊ लागल्यापासून तर सख्खे भाऊ मोजणीच्या दोऱ्याने बोलतात. लोक काकांच्या ओटीवर फेरफार घेऊन बसू लागले. काका सगळं नीट ऐकून घेत, चष्मा पुसत आणि म्हणत, "यादी लागू दे, मग बोलतो." हा शब्द इतका उपयोगी पडला, की तो गावाने उचलला. वाण्याने उधारी मागितली की, यादी लागू दे. मुलीकडच्यांनी हुंड्याचं नाव न घेता काय ते विचारलं की, यादी लागू दे. ग्रामसेवकही नळाच्या बाबतीत तेच म्हणाला असं ऐकतो.

काका मात्र मनातून वकील झालेच होते. त्यांच्या खोलीत भाई कोतवालांची तसबीर आहे. माथेरानचे, न्हाव्याच्या घरात जन्मलेले, कायदा शिकून वकील झालेले. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर हिराजी पाटलांबरोबर इंग्रजांच्या गोळीला बळी पडले. "त्या माणसाने वकिलीची सनद घेऊन विजेचे मनोरे पाडले," काका सांगतात. मी विचारलं, तुम्ही काय पाडणार? म्हणाले, "बांध. चुलत्याने पुढे सरकवलेला."

घरी परिस्थिती नाजूक होती. कारण त्याच पावसाळ्यात नातू अकरावीच्या यादीची वाट बघत होता. २०२५ पासून अकरावीचे प्रवेशही सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले, त्यामुळे एकाच घरातून दोन अर्ज. नातवाची यादी लागली तेव्हा तो क्रिकेट खेळत होता. मोबाइल बघितला, "लागलं" म्हणाला आणि बोलिंगला गेला. काका आतून हलले. "असं नसतं रे बघायचं," ते म्हणाले. त्यांच्या मते त्या पोराने निदान हात तरी धुवायला हवे होते. पुढे पुढे तर नातूच आजोबांना सांभाळू लागला. "आजोबा, जेवून घ्या. यादी काय, आज नाय तर उद्या." हे वाक्य त्याला कोणी शिकवलं असेल ते त्याच्या आईलाच माहीत.

काकी या सगळ्याकडे चुलीजवळून बघतात. शेजारणीने त्यांना सांगितलं, की पलीकडे मुरबाड तालुक्यात फांगण्याला आजीबाईंची शाळा आहे, २०१६ पासून. म्हाताऱ्या गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन जातात. तुमच्या ह्यांनाही तिथे घाला. काकी म्हणाल्या, "तिथं बरं आहे. तिथं यादी नसते." पण चतुर्थीला महडच्या वरदविनायकाला काकांबरोबर गेल्या त्याच. तिथे थेट गाभाऱ्यात जाऊन मूर्तीपाशी बसता येतं. काकांनी कानाशी वाकून पुष्कळ वेळ काहीतरी सांगितलं. बाहेर आल्यावर काकींनी विचारलं, एवढं काय बोलत होतात? काका म्हणाले, अर्ज क्रमांक सांगितला. एका नावाची चार माणसं असतात.

मग मुदतवाढ आली. पसंतिक्रम भरण्याची मुदत आणखी काही दिवस. अशा मुदतवाढीला माझ्या दुकानात एरवी टाळ्या पडतात. उशिरा जागे झालेले सगळे धावत येतात आणि माझे चार पैसे होतात. काकांनी मात्र ती सूचना वाचली, चष्मा काढला आणि मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं अशा आवाजात म्हणाले, "एक्याऐंशी साली कुठं होती ही मुदतवाढ?"

पाऊस पडत होता, गिऱ्हाईक नव्हतं. बारावीनंतर त्यांचं नाव यादीत लागलं होतं. कॉलेज होतं, जागा होती. फी भरायची शेवटची तारीख कापणीच्या आधीची होती. भात शेतात उभं होतं. ते कापून, झोडून, विकून पैसे येणार ते दिवाळीच्या सुमारास. त्यांच्या बाबांनी कॉलेजात जाऊन महिनाभर थांबायची विनंती केली. खिडकीतल्या माणसाने तारखेवर बोट ठेवलं. नोव्हेंबरात काका कारखान्यात लागले.

एवढंच सांगितलं आणि म्हणाले, "आधारची एक झेरॉक्स दे."

मी पैसे घेतले नाहीत.

पसंतिक्रमात त्यांना एकच नाव टाकायचं होतं: पनवेल. मी जवळजवळ भांडून अलिबागही घालायला लावलं. ते म्हणत होते, दुसरं नाव घातलं तर पहिल्याला वाटेल आपल्याला गरज नाय.

पहिल्या फेरीची यादी लागली ती संध्याकाळी सातच्या सुमारास, आणि बरोबर तेव्हाच वीज गेली. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालू, बाकी काळोख. काका रोजच्यासारखे शेवटच्या गाडीच्या हिशेबाने बसलेले. मी क्रमांक टाकून सरळ निकाल काढू शकलो असतो. त्यांनी हात धरला. "पूर्ण यादी उघड." उघडली. तर्जनी लागली. एक पान, दुसरं पान. बोट एका ओळीवर थांबलं, एक ओळ खाली गेलं, परत वर आलं. ओठ हलत होते. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. 'राव' नव्हता, पण काका होते.

अलिबाग.

केळवलीहून खोपोली, खोपोलीहून पेण, पेणहून वडखळवरून अलिबाग. पोचेपर्यंत पहिला तास संपलेला असणार. मी अभिनंदन म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. ते खालची सूचना वाचत होते. प्रवेश पक्का करायची शेवटची तारीख ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली. बाहेर सगळ्या खालापुरात भात अजून हिरवं होतं.

काकांनी निळ्या पिशवीत हात घातला. बातमी, कात्रण, आधारच्या प्रती, सगळं काउंटरवर काढून ठेवत गेले. तळातून एक खाकी पाकीट निघालं, रबर लावलेलं. मागच्या वर्षीचं भात मे महिन्यातच विकून फी बाजूला काढलेली. चार महिने ते पैसे माझ्या दुकानात दिवसातून दोनदा येऊन परत जात होते.

"मोज," म्हणाले.

मोजले. बरोबर होते. मी विचारलं, आता तरी झोप लागेल ना? काका कागद एकेक करून पिशवीत परत भरत होते.

"पनवेल वरची पसंती आहे ना आपली? मग दुसरी यादी कधी लागते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर गुडघ्याएवढं वर गेलं तेव्हा छत्री खाली होतीच.

तुमच्या घरात, वाड्यात, पाळीत असं कोणी असेल, पन्नाशीचं, साठीचं, आवाज खाली करून फॉर्मची चौकशी करणारं, तर त्यांना दोन गोष्टी आत्ताच सांगा. बारावीची मूळ गुणपत्रिका आधी शोधून ठेवा, आणि ती कुठल्याही वकिलाला देऊ नका. बाकीचं बघू. दुकान साडेआठला उघडतं. त्याआधी येऊन शटरखालून शिरू नये.